पाच सेकंदांचा हिशेब

मामांच्या गाडीचं माहितीपत्रक इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या आजोळच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटात असतं. विम्याचे कागद, मामींच्या दागिन्यांच्या पावत्या आणि त्यांच्यावर हे. गुळगुळीत कागदाच्या शेवटच्या पानावर आकड्यांचा तक्ता आहे आणि त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ : ताशी शून्य ते शंभर किलोमीटर, ५.० सेकंद. घरी आलेल्या पाहुण्यांपैकी ज्याला गाड्यांची थोडीशीही गोडी आहे, त्याला मामांनी ते पान दाखवलेलं आहे.

गाडी २००७ सालची पोर्शे नाइन-इलेव्हन करेरा. मागे ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३२५ अश्वशक्ती, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नाही, सहा गिअर हातानं टाकायचे. मामांनी ती २०१४ मध्ये मुंबईहून सेकंडहँड आणली. इंदूरजवळ पिथमपूरला त्यांचा जॉबवर्कचा कारखाना आहे. तीस वर्षं शाफ्ट आणि बुश कातून साठवलेल्या पैशातली ही एकच चैन. बाकी माणूस आजही स्टीलच्या डब्यातून पोळीभाजी नेणारा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका जुन्या ग्राहकाच्या मुलानं नवी नाइन-इलेव्हन घेतली, २०१९ नंतरच्या पिढीतली. तीन लिटरचं इंजिन, दोन टर्बो, ३८५ अश्वशक्ती, आठ गिअर, तेही आपोआप पडणारे. दिवाळीच्या फराळाला तो घरी आला होता. चकली खाता खाता त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, "मामाजी, अपनी दोनों में कितना फर्क होगा?" मामा म्हणाले, "कागदावर एक सेकंद. तुझी चारात जाते, माझी पाचात." आणि मग जरा थांबून मला म्हणाले, "पण हे दोन्ही आपण वाचलेलं आहे, मोजलेलं नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडी अगदी शोभणारं. कारखान्यात एखादा कामगार "पंचवीसचं आहे साहेब" म्हणाला की मामा काही न बोलता बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर पुढे करतात. मी पिथमपूरलाच एका प्रयोगशाळेत काम करतो, सुट्या भागांच्या कंपनाच्या चाचण्या हे माझं रोजचं काम. त्यामुळे मोजायची जबाबदारी माझ्यावर आली, आणि मी ती मनापासून घेतली.

पहिली गोष्ट ठरवून टाकली : रस्त्यावर नाही. इंदूरचा बायपास रात्री रिकामा वाटतो, पण शंभरचा वेग गाठायला अशा गाडीला ऐंशीएक मीटर लागतात, थांबायला आणखी चाळीस, आणि त्या सव्वाशे मीटरमध्ये विनालाइटची ट्रॉली कुठून वळेल हे इथल्या माणसाला सांगायला नको. तो ग्राहकाचा मुलगा एकदा म्हणालाही, की सुबह पाच बजे कोई नहीं होता. मामांनी नुसतं बघितलं. विषय संपला.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजायचं कशानं. इंटरनेटवर असे ढीगभर व्हिडिओ आहेत ज्यात काटा शंभरला टेकला की घड्याळ थांबवतात. पण गाडीचा काटा खरा वेग दाखवत नाही. नियमच असा आहे की काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर एका मर्यादेपर्यंत चालतं. मर्यादा कितीची, तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटर. म्हणून सगळे उत्पादक काटा थोडा पुढेच ठेवतात. काट्यावरचे शंभर खरे पंच्याण्णव असू शकतात, आणि शेवटचे ते पाच किलोमीटर मिळवायला मामांच्या गाडीला साधारण पाव ते अर्धा सेकंद लागतो. मोबाइलचं अॅपही कामाचं नाही. बहुतेक फोनमधलं जीपीएस सेकंदाला एकदा जागा सांगतं, आणि शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. मी प्रयोगशाळेतला सेकंदाला दहा नोंदी घेणारा लॉगर आणला आणि आमच्या आवारात माझ्याच गाडीवर शून्य ते चाळीस असं फोन आणि लॉगर शेजारी ठेवून करून पाहिलं. लॉगर पाच वेळा जवळजवळ तोच आकडा देत होता, फोन दर वेळी नवा.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक. अमेरिकी मासिकांतले आकडे नेहमी कंपनीच्या आकड्यांपेक्षा कमी का असतात, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. तिकडे ड्रॅग स्ट्रिपच्या, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींच्या, रिवाजाप्रमाणे गाडी पहिला एक फूट पुढे सरकेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. ३० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर नि वर थोडं. पण स्थिर उभ्या गाडीला तेवढं सरकायला जवळजवळ ०.३ सेकंद जातात, आणि घड्याळ सुरू होतं तेव्हा ती सात किलोमीटरच्या वेगात असते. म्हणजे एकाच गाडीचा एकाच धावेतला आकडा ५.७ किंवा ५.४, दोन्ही खरे, फक्त शून्य वेगळं. जुन्या गाडीचा एका पद्धतीचा आकडा आणि नव्या गाडीचा दुसऱ्या पद्धतीचा असे शेजारी ठेवून लोक वाद घालतात, ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. आम्ही ठरवलं की चाक हललं की घड्याळ सुरू. मामांना हे पटायला एक क्षणही लागला नाही. "शून्य म्हणजे शून्य," ते म्हणाले.

राहिली जागा. ती आमच्या दाराशीच आहे, आणि बाहेरगावच्या मराठी लोकांना हे ठाऊक नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं. पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे. हजार एकरांवर पसरलेले चाचणीचे ट्रॅक, आणि त्यांत ११.३ किलोमीटरचा लंबगोल वेगाचा ट्रॅक, जो जून २०२१ मध्ये सुरू झाला. चार लेन, दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन किलोमीटरची सरळ पट्टी आणि टोकांना बशीसारखी वर चढत जाणारी वळणं. ओळखीच्या एका कंपनीनं दिवसभरासाठी ट्रॅक घेतला होता. त्यांचं काम लवकर आटोपणार होतं. पैसे भरून, कागद देऊन त्यातले दोन तास आम्हाला मिळाले. फेब्रुवारीतली थंड सकाळ होती. राऊला चहा घेतला तेव्हा मामांनी स्वेटरवर जॅकेट चढवलं होतं, आणि मी त्यांना इतकं उत्साहात बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

आत गेल्यावर तिथल्या एका माणसानं दोन्ही गाड्या तपासल्या. नवी पुढे गेली. मामांच्या गाडीच्या मागच्या टायरपाशी तो उकिडवा बसला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोटानं टायरच्या कडेवरचे चार आकडे पुसून वाचले. २३१६. मग उभा राहून अतिशय नम्रपणे म्हणाला, "साहब, इसपर नहीं जाने दूँगा."

हे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१६ चा तेविसावा आठवडा. मामांनी ते टायर २०२० मध्ये एका दुकानातून नवे म्हणून घेतले होते, बिलावर पूर्ण किंमत लागली होती. म्हणजे बसवले तेव्हाच ते चार वर्षांचे होते. गाडी वर्षाला हजारभर किलोमीटर चालते, त्यामुळे नक्षी अजून भरपूर होती आणि कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. पण रबर नुसतं पडूनही कडक होतं. मी नखानं दाबून पाहिलं, प्लास्टिकच्या बादलीसारखं लागलं. मामा एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." मला मात्र त्या दुकानदाराचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. ज्या टायरवर माणूस भरवशानं बसतो त्याची तारीख लपवून विकणं ही साधी लबाडी नाही. तुम्ही कुठलीही गाडी चालवत असाल, स्कूटर का असेना, टायर घेताना हे चार आकडे दुकानातच वाचा.

त्या दिवशी नवी गाडी एकटीच धावली. १९ अंश तापमान होतं, ४.२ सेकंद आले. मुलाचा चेहरा खुलला होता पण मामांकडे बघून तो काही बोलला नाही, आणि तेवढ्यासाठी मला तो मुलगा तेव्हापासून आवडतो.

टायर यायला पाच आठवडे लागले. मागचे २६५ रुंदीचे, अठरा इंची. या वेळी तारीख पाहून घेतले. दुसरा वेळ मिळाला एप्रिलमध्ये. मुलगा म्हणाला, माझी तर मोजून झालीय, आता फक्त मामाजींची. मी नाही म्हटलं. फेब्रुवारीची हवा आणि एप्रिलची हवा एक नाही. मोजायचं तर दोन्ही गाड्या एकाच सकाळी, एकाच पट्टीवर, एकामागून एक.

लंबगोल ट्रॅकची एक सोय मला तिथे उभं राहिल्यावर सुचली. गती मोजताना दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढायची असते, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा कटतो. तिथे उलट दिशेनं जाता येत नाही, सगळं एकेरी. पण एका बाजूची सरळ पट्टी पूर्वेकडे नेत असेल तर समोरची पश्चिमेकडे आणते. आम्ही एक धाव या पट्टीवर घेतली, एक समोरच्या, आणि जोडीची सरासरी लिहिली.

आधी नवी. तिची कृती अशी : डावा पाय ब्रेकवर दाबून धरायचा, उजव्या पायानं अॅक्सिलरेटर तळापर्यंत. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास स्वतःला धरून ठेवतं, समोर लाँच कंट्रोल, म्हणजे गाडी जागेवरून जोरात सोडणारी यंत्रणा, तयार असल्याचं येतं. ब्रेकवरचा पाय उचलायचा. बास. पुढे चालकाला फक्त स्टिअरिंग सरळ धरायचं असतं. ४.४, ४.३, ४.३, ४.३. चारशे मीटर १२.२ सेकंदांत, आणि तिथे वेग १८६. मी शेजारी बसलो होतो. पोटात काहीतरी मागे सरकतं आणि परत जागेवर यायच्या आत संपलेलं असतं. पण खरं सांगतो, चौथ्या धावेला मी लॉगरकडे बघत होतो, रस्त्याकडे नाही.

मग मामा. हेल्मेट घातलेले मामा पाहून मामींना फोटो पाठवावासा वाटला होता.

पहिली धाव : तीन हजार फेऱ्यांवर क्लच सोडला आणि गाडी दबली. मागच्या इंजिनाचं वजन थेट चाकांवर असतं, नवं रबर, कोरडं डांबर. चाकं घसरायला तयार नाहीत, आणि इंजिन त्या पकडीखाली गुदमरतं. ६.४. दुसऱ्या वेळी साडेपाच हजारांवर सोडला. आता चाकं फिरली, मागून धूर निघाला आणि गाडीचं बूड जरा डावीकडे गेलं. मामांनी पाय न उचलता सावरलं, पण वेळ ६.१. क्लचचा जळका वास काचा उघडल्या तरी जाईना. दहा मिनिटं थांबलो. मामांनी बॉनेटवर हात ठेवला, जसा तापलेल्या मशीनवर ठेवतात, मग आठवून मागे गेले आणि तिथे ठेवला, जिथे इंजिन असतं.

त्या दहा मिनिटांत मी लॉगरचा ग्राफ लॅपटॉपवर उघडला. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. नव्या गाडीची रेघ शून्यापासून वर जाते ती गुळगुळीत, कमानीसारखी, कुठे सांधा नाही. आठ गिअरच्या त्या पेटीत दोन क्लच आहेत. एक गिअर चालू असतानाच पुढचा लागून तयार असतो, त्यामुळे ताकद क्षणभरही सुटत नाही. मामांच्या रेघेत ६७ किलोमीटरपाशी एक पायरी होती. चढत आलेली रेघ एकदम सपाट होते, थोडी खालीही वाकते, मग पुन्हा चढते. तिथे पहिला संपून दुसरा पडतो. मी पायरीची लांबी मोजली, ०.५५ सेकंद.

मामांना दाखवलं. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे अर्धा सेकंद माझी गाडी नुसती वाहत होती?"

"हो मामा. इंजिन, टायर, हवा, काही नाही. हात."

ते गाडीत जाऊन बसले, इंजिन बंदच. आणि क्लच दाबून पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, असं वीसेक वेळा केलं. मनगट न वळवता, तळहातानं सरळ खाली ओढत. इतकी वर्षं लेथचा हँडल फिरवलेला हात तो, शिकवावं लागत नाही. पुढच्या धावेला साडेचार हजार, क्लच एकदम न सोडता अर्ध्यावर किंचित धरून. ५.९. मग ५.७. पायरी ०.३५ वर आली होती. आणखी एक घेतली, ५.८, आणि मी थांबूया म्हटलं. क्लच घरी न्यायचा होता.

चारशे मीटरला मामांची वेळ १३.९, वेग १६२. तिथे एक गंमतीची अडचण आहे. त्या गाडीचा तिसरा गिअर एकशे साठच्या थोडं वर संपतो, आणि चारशे मीटरची रेषा अगदी त्याच वेळी येते. एका धावेत मामांनी रेषेच्या आधी चौथा टाकला तर वेळ वाढली. शेवटी इंजिन लाल रेघेवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, किंचाळत ठेवून तिसऱ्यातच रेषा ओलांडायची असं ठरलं. शेजारी बसून तो आवाज ऐकताना मला बोलता येत नव्हतं. १.७ सेकंदांचा फरक, म्हणजे नवी रेषेवर पोहोचते तेव्हा जुनी अजून ७५ मीटर मागे. हॉकीच्या मैदानाची लांबी नव्वद मीटरच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा.

मग अदलाबदल. ही कल्पना मुलाची. मामा नव्या गाडीत बसले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं खिडकीतून दोन वाक्यांत सांगितलं, मामांनी ब्रेक सोडला, आणि पहिल्याच धावेत ४.३. मालकानं दिवसभरात काढली तीच वेळ. मुलगा मामांच्या गाडीत बसला. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदा ७.१, तिसऱ्यांदा ६.८, कारण दुसरा टाकताना गिअर अडला. तो उतरला तेव्हा कपाळावर घाम होता. काही वेळ गाडीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मामाजी, एक बार और?" मामांनी चावी परत दिली. क्लचच्या वासाचं त्यांनी नावही काढलं नाही. त्या धावेला ६.३ आले आणि तो पोरगा असा हसला की नव्या गाडीच्या ४.२ लाही तसा हसला नव्हता.

घरी आल्यावर मात्र मला झोप येईना. कागदावर फरक एक सेकंदाचा, ट्रॅकवर १.४ चा. वजनाच्या हिशेबानंही तो एवढा नको होता. जुनी १३९५ किलोची, नवी १५०५ किलोची. टनामागे अश्वशक्ती काढली तर २३३ आणि २५६, म्हणजे जेमतेम दहा टक्क्यांचा फरक. मामांचे ०.७ सेकंद गेले कुठे?

हाताचे काही गेले, ते ग्राफमध्ये दिसत होते. उरलेल्यांचं उत्तर प्रयोगशाळेतल्या भिंतीवर होतं. बॅरोमीटर. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे. त्या सकाळी हवेचा दाब ९४८ हेक्टोपास्कल होता, तापमान ३२ अंश. युरोपात इंजिनाची शक्ती प्रमाणित करतात ती २५ अंशांवर आणि कोरड्या हवेच्या ९९० दाबाला. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा बाहेर आहे तेवढीच ओढणार. हवा विरळ, तर पेट्रोलही तेवढंच कमी जळणार. मी बाष्पाचा दाब वजा करून, ठरलेलं सूत्र लावून गणित केलं. ३२५ चे इंदुरात सुमारे ३०० उरतात. पंचवीस घोडे नुसते हवेनं नेले. वर त्या इंजिनाला ९८ ऑक्टेनचं पेट्रोल अपेक्षित आहे आणि आम्ही भरलं होतं ९५. मग पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोका लागू नये म्हणून यंत्रणा ठिणगी जरा उशिरा टाकते, आणि तिथेही थोडं जातं.

नव्या गाडीचं तसं नाही. तिचा टर्बो दाब मोजतो, हवा विरळ असेल तर पंखा जास्त जोरानं फिरवून आत हवा तेवढाच दाब भरतो. तिला आपण माळव्यात आहोत हे जवळजवळ कळतच नाही. म्हणून आपल्याकडे, आणि त्याहून जास्त बंगळुरूसारख्या नऊशे मीटरवरच्या शहरात, जुन्या आणि नव्या स्पोर्ट्‌स कारमधली दरी कागदापेक्षा रुंद दिसते. ती दरी सगळी इंजिनाच्या वयाची नाही. जो कोणी जुनी, टर्बो नसलेली गाडी इथे मोजून "खराब झालीय" म्हणत असेल त्यानं आधी बॅरोमीटर पाहावा. हे मला इतकं महत्त्वाचं वाटतं की मी त्या रात्री साडेबाराला मामांना फोन केला, आणि ते जागेच होते.

रविवारी गेलो तेव्हा सगळे कागद घेऊनच गेलो. वाटेत माणिकबागेवरून जातो. दुसऱ्या यशवंतराव होळकरांचा तो राजवाडा, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदानं १९३० च्या दशकाच्या आरंभी बांधलेला. आता तिथे केंद्र सरकारचं कर खात्याचं कार्यालय आहे. याच महाराजांसाठी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्युझेनबर्ग कंपनीची एसजे ही मोटार तयार झाली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. ६.९ लिटर, ओळीत आठ सिलिंडर, ३२० अश्वशक्ती, आणि हवा आत ढकलायला सुपरचार्जर. ताशी १६० किलोमीटरला सतरा सेकंदांत, असा एसजेचा त्या काळचा दावा होता. मामांची गाडी त्या दिवशी एकशे साठला साडेतेरा सेकंदांत पोहोचली. सत्तर वर्षांत साडेतीन सेकंद. आणि पहिल्या, १९६४ च्या नाइन-इलेव्हनला शंभरला जायला नऊएक सेकंद लागत. आमच्या गल्लीतली विजेवरची नेक्सॉन आज तेवढ्याच वेळाचा दावा करते, तीही भाजीच्या पिशव्या ठेवायला जागा असलेली. कुठली गाडी जलद, हा प्रश्न कुठल्या वर्षी विचारला यावर उत्तर किती बदलतं, हे त्या सिग्नलला उभा असताना मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

मामा जेवणाच्या टेबलाशी वाट बघत होते. मी कागद पसरले. आधी हवा : साधारण ०.३ ते ०.४ सेकंद. मग पायरी आणि क्लच : उरलेलं जवळपास सगळं. ते एकेक आकडा बोटानं दाबत खाली आले, गुणाकार एकदा स्वतः करून पाहिला. मामी वरण-भात वाढून दोनदा हाक मारून गेल्या.

"म्हणजे समुद्राकाठी नेली, आणि हात आणखी बसला, तर?"

"पाच-दोन, पाच-तीन निघावेत."

"निघावेत नको. निघाले की सांग."

मग ते उठले, कपाट उघडलं, माहितीपत्रक काढलं. शेवटचं पान. ५.० खालची जुनी रेघ त्यांनी खोडली नाही. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, ड्रॉइंगवर मापं लिहितात तशा सरळ अक्षरांत लिहिलं : ५.७, पिथमपूर, ३२ अंश, दाब ९४८. पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली : दुसरा गिअर ०.३५.

"जेवायला चल," ते म्हणाले. "आणि डिसेंबरात वेळ मिळतो का बघ. थंडीत."